अमेरिकेत फार्मासिस्ट व्हायचंय? मेजरच्या आधी विषयांची यादी बघा

अमेरिकेतल्या मराठी घरात मूल हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आलं की हा प्रश्न निघतोच: फार्मसीला जायचं असेल तर कॉलेजात मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कोणता घ्यावा? बायॉलॉजी, केमिस्ट्री की बायोकेमिस्ट्री? भारतात शिकलेल्या आईवडिलांना तर हा प्रश्न फारच जड वाटतो. आपल्याकडे बारावीला पीसीएम की पीसीबी हे ठरलं, सीईटी झाली आणि बी.फार्म.ला नाव लागलं, की पुढची चार वर्षं ठरून गेली. अमेरिकेतली रचना वेगळी आहे. ती वेळेवर समजली नाही तर अभ्यासात हुशार असलेल्या मुलाचंही एक वर्ष हकनाक जातं. असं होताना मी पाहिलं आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

उत्तर आधीच सांगून टाकते. बहुतेक फार्मसी स्कूल्सना तुमचा मेजर कोणता याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. इतिहास, अर्थशास्त्र, स्पॅनिश, संगणकशास्त्र, काहीही चालतं. त्यांचा खरा आग्रह असतो तो विषयांच्या एका यादीसाठी. या यादीतला प्रत्येक विषय प्रवेशाआधी, ठरावीक श्रेणीने, प्रयोगशाळेसकट पूर्ण झालेला हवा. त्या विषयांना प्रीरेक्विझिट म्हणतात. मेजर तुमच्या आवडीचा आणि यादी त्यांची, हे पक्कं धरलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

रचना कशी आहे?

अमेरिकेत फार्मासिस्टचा परवाना मिळवण्यासाठी फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) ही पदवी लागते. पूर्वी तिथेही पाच वर्षांची बी.एस. इन फार्मसी होती. २००० सालापासून मान्यतेचे निकष बदलले आणि काही वर्षांतच फार्म.डी. हीच एकमेव पदवी उरली. हा अभ्यासक्रम साधारण चार वर्षांचा असतो. सुट्ट्या न घेता सलग शिकवून तो तीन वर्षांत पूर्ण करणाऱ्या संस्थाही आहेत. कॅलिफोर्नियातली युनिव्हर्सिटी ऑफ द पॅसिफिक त्यासाठी जुनी आणि प्रसिद्ध. सॅन फ्रान्सिस्कोच्या यूसीएसएफनेही २०१८ मध्ये तीन वर्षांची पद्धत स्वीकारली.

या चार वर्षांच्या आधी किमान दोन वर्षांचं कॉलेज लागतं. अनेक ठिकाणी पूर्ण पदवीची अट नसते, यादीतले विषय झाले की पुरे. म्हणजे लवकरात लवकर २+४, सावकाश ४+४. तिसरा रस्ता थेट हायस्कूलमधून सहा वर्षांच्या सलग कार्यक्रमात शिरण्याचा. न्यू जर्सीचं रटगर्स आणि न्यूयॉर्कचं सेंट जॉन्स ही त्यातली मराठी घरांना ठाऊक असलेली नावं. तिथे यादीतले विषय पहिल्या दोन वर्षांत गुंफलेलेच असतात, त्यामुळे मेजरचा प्रश्नच येत नाही. प्रश्न एवढाच, की सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांनंतरचं आयुष्य आत्ता ठरवता येतं का.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. पहिला 'प्री-फार्मसी'बद्दल. पुष्कळ विद्यापीठांत हा मेजर नसून सल्ला देण्याची एक सोय असते. तुमचं नाव त्या गटात घालतात, एक सल्लागार मिळतो, पण पदवी कशात घ्यायची ते तुम्हालाच ठरवावं लागतं. दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. मिशिगन, ओहायो स्टेट अशा काही विद्यापीठांत बी.एस. इन फार्मास्युटिकल सायन्सेस ही पदवी मिळते. नाव ऐकून आपल्या लोकांना वाटतं, ही इथली बी.फार्म. तसं नाही. ती औषधशास्त्राची चांगली पदवी आहे, औषध कंपन्यांत आणि संशोधनात तिला मान आहे, पण तिच्या जोरावर फार्मासिस्टचा परवाना मिळत नाही. परवान्यासाठी पुढे फार्म.डी. करावंच लागतं.

यादीत काय असतं, आणि का?

प्रत्येक शाळेची, म्हणजे फार्मसी स्कूलची, यादी थोडी वेगळी, पण गाभा सारखाच. जनरल केमिस्ट्रीची दोन सत्रं, ऑरगॅनिक केमिस्ट्रीची दोन सत्रं, बायॉलॉजीची एक किंवा दोन, मायक्रोबायॉलॉजी, अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी, कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स. काही ठिकाणी बायोकेमिस्ट्री, काही ठिकाणी फिजिक्स. शिवाय इंग्रजी लेखन, पब्लिक स्पीकिंग, अर्थशास्त्र, मानसशास्त्र किंवा समाजशास्त्र. मुलं ही यादी बघून वैतागतात. "मला औषधं शिकायची आहेत, कॅल्क्युलस कशाला?" हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर मुलांना मिळायला हवं. अडथळा म्हणून केलेला विषय आणि उपयोग कळून केलेला विषय यांत फार फरक पडतो.

ऑरगॅनिक केमिस्ट्रीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यांची गाडी तिथेच अडते. पेनिसिलिनच्या रेणूमध्ये चार अणूंचं एक कडं असतं, बीटा-लॅक्टम. एवढं छोटं कडं ताणलेलं असतं, चटकन उघडतं. उघडताना ते जिवाणूची भिंत बांधणाऱ्या एन्झाइमला चिकटून बसतं आणि भिंतीचं काम थांबतं. काही जिवाणू यावर तोड काढतात. ते बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम तयार करतात आणि औषध पोचायच्या आधीच ते कडं फोडून टाकतात. म्हणून अमॉक्सिसिलिनच्या जोडीला क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड दिलं जातं. त्यातही तसंच कडं आहे. ते त्या एन्झाइमला अडकवून ठेवतं आणि अमॉक्सिसिलिन वाचतं. आपल्या घराघरांत माहीत असलेली ऑगमेंटिनची गोळी म्हणजे हीच जोडी. एका कड्याची ही कथा समजली की पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्या रुग्णाला त्याच कुळातलं दुसरं औषध देताना फार्मासिस्ट का थबकतो, हेही कळतं. रेणूचं चित्र बघून त्याचं वागणं ओळखायचं, हे कौशल्य ऑरगॅनिकमध्ये घडतं.

आता कॅल्क्युलस. शरीरात ४०० मिलिग्रॅम औषध आहे आणि त्याचं अर्धायुष्य सहा तास आहे असं समजा. सहा तासांनी २०० उरतं, बारा तासांनी १००, अठरा तासांनी ५०. दर तासाला ठरावीक मिलिग्रॅम बाहेर पडत नाहीत, जितकं शिल्लक आहे त्याचा ठरावीक हिस्सा बाहेर पडतो. बदलाचा वेग शिल्लक रकमेवर अवलंबून असणं, हे कॅल्क्युलसचंच गणित. मूत्रपिंडातून बाहेर पडणारं औषध असेल आणि रुग्णाचं मूत्रपिंड निम्म्याच क्षमतेने चालत असेल, तर ते अर्धायुष्य साधारण दुप्पट होतं. त्याला नेहमीच्याच वेळी नेहमीचाच डोस देत राहिलं तर औषध साचत जातं. डायजॉक्सिनसारख्या हृदयाच्या औषधात उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत फार थोडं अंतर असतं. अशा वेळी हा हिशेब चुकून चालत नाही.

स्टॅटिस्टिक्सबद्दल एकच उदाहरण देते. नव्या औषधाने हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण १०० पैकी २ वरून १०० पैकी १ वर आलं. कंपनी म्हणेल, धोका ५० टक्क्यांनी घटला. हेही खरं. रुग्णाच्या बाजूने बघितलं तर १०० जणांनी औषध घेतल्यावर एकाला फायदा झाला. हेही खरं. दोन्ही आकडे समोर ठेवून, दुष्परिणाम आणि किंमत यांचा विचार करून डॉक्टरांशी बोलायचं, हे फार्मासिस्टचं रोजचं काम आहे.

मायक्रोबायॉलॉजी आणि फिजिऑलॉजीचा उपयोग समजावण्याची गरज नाही. पब्लिक स्पीकिंगचा मात्र सांगते, कारण आपली मुलं तो विषय 'सोपे मार्क' म्हणून उरकतात. १९९० च्या एका केंद्रीय कायद्यापासून अमेरिकेत मेडिकेडच्या (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या) रुग्णांना औषधाबद्दल समजावून सांगण्याची तयारी दाखवणं फार्मासिस्टला बंधनकारक झालं आणि राज्यांनी ते इतर रुग्णांनाही लागू केलं. काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या, घाबरलेल्या, कमी इंग्रजी येणाऱ्या माणसाला दोन मिनिटांत इन्सुलिनचं पेन कसं वापरायचं ते सांगणं सोपं नाही. शिकलेली प्रत्येक गोष्ट शेवटी त्या दोन मिनिटांत उतरावी लागते.

खरी अडचण क्रमाची

यादी लांब आहे यापेक्षा ती कुठल्या क्रमाने करावी लागते, हे जास्त महत्त्वाचं. केमिस्ट्री हा जिना आहे, पायरी वगळता येत नाही. जनरल एक झाल्याशिवाय जनरल दोन नाही, ते झाल्याशिवाय ऑरगॅनिक एक नाही, त्यानंतर ऑरगॅनिक दोन आणि मग बायोकेमिस्ट्री. म्हणजे सलग चार सत्रं केमिस्ट्रीतच जातात आणि बायोकेमिस्ट्री मागणाऱ्या शाळेसाठी पाचवं. बऱ्याच लहान कॉलेजांत ऑरगॅनिक एक फक्त ऑगस्टच्या सत्रात असतं. पहिल्या सत्रात जनरल केमिस्ट्री घेतली नाही, किंवा घेऊन सोडली, तर नुकसान एका सत्राचं दिसतं आणि प्रत्यक्षात वर्ष जातं.

दोन वर्षांत सगळं बसवायचं तर साधारण असं दिसतं. पहिल्या वर्षी जनरल केमिस्ट्री आणि बायॉलॉजी दोन्ही सत्रांत, सोबत आधी कॅल्क्युलस आणि इंग्रजी, नंतर स्टॅटिस्टिक्स आणि मानसशास्त्र. दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक आणि अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी दोन्ही सत्रांत, सोबत अर्थशास्त्र, मायक्रोबायॉलॉजी, पब्लिक स्पीकिंग. बघा, फिजिक्स आणि बायोकेमिस्ट्रीला जागाच उरली नाही. ती उन्हाळ्यात करायची किंवा ते न मागणाऱ्या शाळा निवडायच्या. शिवाय कॉलेजच्या गणिताच्या चाचणीत मूल प्रीकॅल्क्युलसच्या, म्हणजे कॅल्क्युलसच्या आधीच्या, वर्गात गेलं, तर कॅल्क्युलस आणखी पुढे सरकतं. मला वाटतं, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात गणित सोडू न देणं ही आईवडील करू शकतील अशी सर्वांत उपयोगी मदत आहे.

अर्जाचं वेळापत्रक वेगळं. बहुतेक शाळांचे अर्ज फार्मकॅस या एकाच यंत्रणेतून जातात आणि नवा हंगाम जुलैच्या सुमारास उघडतो. २+४ करणारं मूल दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज भरतं, तेव्हा यादीतले निम्मे विषय व्हायचेच असतात. ते चालतं. पुढे कोणत्या सत्रात काय घेणार हे अर्जात लिहायचं असतं. मात्र लिहिलेलं पाळावं लागतं, एखादा विषय राहिला तर मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो.

आता त्या बारीक गोष्टी, ज्यांवर अर्ज अडकतात. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली एका सत्राची केमिस्ट्री चालत नाही, विज्ञानाच्या विद्यार्थ्यांची दोन सत्रांची लागते. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचा पहिला भाग म्हणजे अर्धंच शरीर. दुसरा भाग घेतल्याशिवाय विषय पूर्ण धरत नाहीत. क्वार्टर पद्धतीच्या, म्हणजे सेमिस्टरपेक्षा लहान सत्रं असलेल्या, कॉलेजातलं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरचं दोन तृतीयांश, त्यामुळे चार क्वार्टर क्रेडिटचं स्टॅटिस्टिक्स तीन सेमिस्टर क्रेडिटला किंचित कमी पडतं. हायस्कूलमधले एपीचे (कॉलेजच्या पातळीचे) विषय काही शाळा धरतात, काही विज्ञानासाठी धरत नाहीत. अनेक ठिकाणी सी ही किमान श्रेणी असते आणि सी-मायनस चालत नाही. काही शाळा फार जुने विज्ञान विषय ग्राह्य धरत नाहीत. मध्ये नोकरी किंवा बाळंतपण झाल्यावर परत वळणाऱ्या बायकांनी हे आधी बघावं.

आणि श्रेणीसुधाराबद्दल. एखादा विषय पुन्हा घेतला की तुमचं कॉलेज जुनी श्रेणी पुसेल, फार्मकॅस पुसत नाही. तिथल्या सरासरीत दोन्ही प्रयत्न धरले जातात. ऑरगॅनिक डोईजड होतंय असं सत्राच्या मध्यावरच कळलं, तर विषय सोडण्याच्या शेवटच्या तारखेआधी सल्लागाराला भेटायला हवं.

मग मेजर कोणता?

बायोकेमिस्ट्री किंवा बायॉलॉजी घेतली तर यादीतले बरेचसे विषय मेजरमध्येच येतात, हा त्यांचा सरळ फायदा. म्हणून बहुतेक जण तेच घेतात आणि त्यात काही चूक नाही. पण मी आधी दुसरा प्रश्न विचारीन: फार्मसी झाली नाही, तर या मेजरवर पोटापाण्याचं काय? नुसत्या बायॉलॉजीच्या पदवीवर चांगली नोकरी मिळवणं अवघड जातं. केमिस्ट्री किंवा बायोकेमिस्ट्रीवर प्रयोगशाळेत आणि औषध कंपनीत काम मिळतं. संगणकशास्त्र किंवा संख्याशास्त्र घेणाऱ्याला पर्यायही राहतात आणि पुढे रुग्णालयांच्या माहिती यंत्रणांत फार्मासिस्ट म्हणूनही मागणी राहते. इतिहासाची किंवा स्पॅनिशची खरी ओढ असलेल्या मुलाने ते घ्यावं. श्रेणी चांगली राहते, आणि टेक्सास-कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणारा फार्मासिस्ट रुग्णांना हवाहवासा वाटतो. फक्त त्याला मेजर अधिक यादी असा दुहेरी भार उचलावा लागतो, उन्हाळेही द्यावे लागतात.

पदवी पूर्ण करावी की दोन वर्षांतच जावं? २+४ मध्ये दोन वर्षांची फी वाचते आणि दोन वर्षं आधी पगार सुरू होतो. जोखीम अशी, की फार्म.डी. अर्ध्यात सुटली तर हाती कुठलीच पदवी नसते. काही शाळा मध्येच बी.एस. देतात, सगळ्या देत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे. मुलाने एखाद्या दुकानात किंवा रुग्णालयात फार्मसी टेक्निशियन म्हणून काही महिने काम केलं असेल, दिवसभर उभं राहणं, विमा कंपनीचे नकार, चिडलेले लोक हे सगळं बघूनही त्याला तेच करायचं असेल, तर खुशाल दोन वर्षांत जावं. ते अजून पाहिलेलं नसेल तर पदवी पूर्ण करावी.

पैशाचं गणितही घरात उघडपणे मांडावं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या फार्मासिस्टचं मध्यम वार्षिक वेतन सुमारे १ लाख ३६ हजार डॉलर होतं. दुसऱ्या बाजूला, कर्ज काढून फार्म.डी. करणाऱ्यांवर सरासरी दीड लाख डॉलरहून जास्त कर्ज असतं. म्हणून यादीतले विषय कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त स्थानिक कॉलेजात, करण्याकडे तुच्छतेने बघू नये. अनेक शाळा ते स्वीकारतात आणि फीमधला फरक मोठा असतो.

एक गोष्ट गेल्या काही वर्षांत पार बदलली आहे. शाळांची संख्या वाढून १४० च्या आसपास पोचली आणि अर्ज मात्र घटले. पीकॅट ही प्रवेश परीक्षा जानेवारी २०२४ मध्ये शेवटची झाली. त्यामुळे कुठेतरी प्रवेश मिळणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे, आणि म्हणूनच कोणत्या शाळेत जायचं हे जास्त जपून ठरवावं लागतं. पदवीनंतर नॅप्लेक्स ही परवाना परीक्षा असते. प्रत्येक शाळेचे किती विद्यार्थी पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले हे दरवर्षी जाहीर होतं. वेळेत पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाणही शाळा प्रसिद्ध करतात. इमारत आणि माहितीपत्रक बघण्याआधी हे दोन आकडे बघा. पाया कच्चा असलेल्या मुलाला प्रवेश देऊन चार वर्षांची फी घेणारी शाळा त्याचं भलं करत नाही.

महाराष्ट्रातून बी.फार्म. करून येणाऱ्यांसाठी

हा भाग शेवटी आला तरी आपल्या लोकांसाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. जुन्या पिढीतले अनेक जण मुंबई-पुण्याची बी.फार्म. घेऊन अमेरिकेत आले, परीक्षा दिल्या आणि फार्मासिस्ट झाले. त्यांचा सल्ला मनापासूनचा असतो, पण नियम बदललेला आहे. परदेशी पदवीधरांना एफपीजीईई या त्यांच्यासाठीच्या पात्रता परीक्षेला बसायचं असेल, तर १ जानेवारी २००३ पासून पदवी मिळवणाऱ्यांचा फार्मसीचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा हवा. आपली बी.फार्म. चार वर्षांची आहे. त्यामुळे आजच्या बी.फार्म.धारकाला तो दरवाजा बंद आहे. अमेरिकेत येऊन फार्मास्युटिक्समध्ये एम.एस. केल्यानेही परवाना मिळत नाही. ती पदवी उद्योगासाठी उत्तम आहे, काउंटरसाठी नाही. भारतात २००८ पासून सुरू झालेली सहा वर्षांची फार्म.डी. मात्र पाच वर्षांची अट पूर्ण करते. त्यांना एफपीजीईई, टोफेल, राज्याने ठरवलेले प्रशिक्षणाचे तास आणि मग नॅप्लेक्स असा मार्ग आहे.

बी.फार्म. झालेल्या व्यक्तीला परवानाच हवा असेल तर अमेरिकेतल्या फार्म.डी.ला प्रवेश घ्यावा लागतो, आणि तिथे यादी पुन्हा समोर येते. आपल्या अभ्यासक्रमात ऑरगॅनिक, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायॉलॉजी, अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी हे सगळं झालेलं असतं. आठव्या सत्रात बायोस्टॅटिस्टिक्सही असतं. गणित नसलेल्यांनी पहिल्या वर्षी केलेलं रेमेडियल मॅथेमॅटिक्स कॅल्क्युलस म्हणून धरतील की नाही, हे मात्र शाळेवर अवलंबून. अडतं ते बहुधा इंग्रजी लेखन, पब्लिक स्पीकिंग, अर्थशास्त्र आणि मानसशास्त्रावर, कारण ते आपण केलेलेच नसतात, किंवा ते अमेरिकेतल्याच कॉलेजातून करावेत अशी अट असते. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेल्या आणि अर्ज भरायला अजून अवकाश असलेल्या मुलींनी हे चार विषय जवळच्या कम्युनिटी कॉलेजात आत्ताच सुरू करावेत, मात्र आपल्या व्हिसावर वर्गात बसता येतं ना, हे आधी तपासून. गुणपत्रकांचं डब्ल्यूईएस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून विषयवार मूल्यांकन करून घ्यायला विद्यापीठाकडून सीलबंद प्रती लागतात, आणि त्या मिळायला वेळ लागतो, तेव्हा भारतात असतानाच त्यासाठी अर्ज करून ठेवावा. सोबत प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रमही आणावा. एखादा विषय धरायचा की नाही अशी शंका आली, तर प्रवेश समिती तोच मागते.